भिंग गोल नाही, मग ते मोजायचं कशाशी?

दिवाळीनंतर औंढ्याला मामाकडे गेलो होतो. मामीच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला ठरलं होतं आणि दवाखान्यातून मिळालेला दरांचा कागद मामानं टीव्हीखाली दाबून ठेवला होता. एका बाजूला भिंगांचे प्रकार, समोर किमती. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून मामा म्हणाला, "हे ॲस्फेरिक म्हंजे काय रं? साध्याहून महाग कामून?"

मी सांगितलं, त्याचा फुगवटा नेहमीच्या भिंगासारखा गोल नसतो. मामाची पुढची शंका तयारच होती. "गोलच नाही, तं मग बरोबर बनलं का नाही हे कळतं कसं?"

वाळूजच्या एका टूलरूममध्ये मी पंधरा वर्षं मापं घेतली. त्यातली शेवटची चार वर्षं काचेच्या मापाच्या खोलीत गेली. एवढ्या काळात हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं कुणी विचारला नव्हता. शिवाय तो औंढ्यात विचारला जावा हेही बरंच. ज्या तत्त्वावर असली भिंगं मोजतात, त्याच तत्त्वावरचं, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वलहरी टिपणारं भलंमोठं यंत्र, लायगो-इंडिया, औंढ्याजवळच होणार आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

चेंडूचा काप

साधं भिंग म्हणजे काचेच्या मोठ्या चेंडूचा काप. चेंडू केवढा ते ठरलं की फुगवटा ठरला. पण या कापाला एक खोड आहे. मधून जाणारे किरण जिथे एकत्र येतात, कडेनं जाणारे त्याच्या जरा अलीकडेच एकत्र येतात. त्यामुळे टोकदार बिंदू पडायच्या जागी पसरट ठिपका पडतो. दिवसा डोळ्याची बाहुली बारीक असते, कडेचे किरण आपोआप अडतात. रात्री बाहुली मोठी होते आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याभोवती झळाळी पसरते.

यावर उपाय सांगायला सोपा आहे: कडेकडे जाताना फुगवटा थोडाथोडा बदलत न्यायचा. असा, कुठल्याही चेंडूचा काप नसलेला पृष्ठभाग म्हणजे ॲस्फेरिक. देकार्तनं १६३७ मध्ये असे आकार कागदावर मांडले होते. तुमच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात एकावर एक बसवलेली प्लास्टिकची चिमुकली भिंगं जवळपास सगळी याच जातीची आहेत. साध्या भिंगाशेजारी ॲस्फेरिक ठेवलं तर नजरेला काडीचा फरक दिसत नाही. फरक असतो काही मायक्रॉनांचा, क्वचित काही शे मायक्रॉनांचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड.

मग कागदावरचा आकार काचेत उतरायला एवढा काळ का लागला? जात्याकडे बघा. त्याची खालची तळी जागेवर असते आणि वरची मधल्या एकाच खिळ्याभोवती फिरते. भिंग असं एका खिळ्याला बांधून घासत नाहीत. काचेचे दोन तुकडे मध्ये बारीक वाळूसारखी पूड घालून सगळ्या दिशांनी, कसेही आडवेतिडवे घासले, तर हळूहळू एक फुगीर आणि दुसरा खोलगट होतो आणि दोन्ही आपसूक गोल होतात. कारण कुठेही सरकवले तरी एकमेकांत तंतोतंत बसणारा आकार एकच, चेंडूचा. (सपाट पृष्ठभाग म्हणजे अगडबंब चेंडूचाच तुकडा.) थोडक्यात, गोल आकाराला निसर्गाची साथ आहे. ॲस्फेरिकला ती नाही. तिथे मोजायचं, घासायचं, पुन्हा मोजायचं. जेवढं मोजता येईल, तेवढंच नीट बनवता येईल.

फिटरचा गुण्या आणि फटीतला उजेड

कुठल्याही वर्कशॉपमध्ये जुना फिटर जॉबवर गुण्या किंवा पट्टी टेकवतो, उजेडासमोर धरतो आणि एक डोळा मिटतो. फटीतून उजेड आला की जॉब तिथे खाली आहे. तो आकडा मोजत नाही. खात्रीच्या सरळ कडेशी तुलना करतो. माप म्हणजे तुलनाच. भिंगाचं मापही असंच घेतात. फक्त तिथे पट्टीही उजेडाची असते आणि फटही उजेडच मोजतो.

ते कसं, हे बघायला बारवेच्या पायरीवर बसा आणि थोड्या अंतरावर दोन खडे एकदम टाका. दोन्हींच्या लाटा एकमेकींत शिरतात. उंचवट्यावर उंचवटा आला की पाणी दुप्पट उठतं, उंचवट्यावर खळगा आला की तिथलं पाणी गप्प. उजेडही लाटच आहे. दोन उजेड मिसळले तर कुठे लख्ख, कुठे अंधार. पेट्रोल पंपासमोरच्या ओल्या रस्त्यावर तेलाचे रंगीत पट्टे दिसतात ते यामुळेच: एक उजेड तेलाच्या वरच्या थरावरून परततो, दुसरा खालच्या. शाळेत याला व्यतिकरण म्हणायचे. त्याच्या मदतीनं माप घेणारं यंत्र म्हणजे इंटरफेरोमीटर.

भिंगासाठी सर्रास वापरतात ती मांडणी फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाते. हीलियम-निऑन लेसरचा लाल उजेड घेतात. त्याच्या एका लाटेची लांबी ६३२.८ नॅनोमीटर, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा भाग. उजेड आधी एका अतिशय अचूक काचेच्या पृष्ठभागावर येतो. ही आपली पट्टी, तिला संदर्भ पृष्ठभाग म्हणू. थोडा उजेड तिथूनच परततो, बाकीचा पुढे भिंगावर जाऊन परततो. दोन्ही कॅमेऱ्यात मिसळतात आणि पडद्यावर काळे-लाल पट्टे उमटतात.

हे पट्टे वाचायला मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पाणलोटाच्या कामात माळावर सलग समतल चर खोदतात ना? एक चर म्हणजे एकच पातळी. चर लांब लांब असतील तर उतार मंद, जवळ जवळ असतील तर उतार तीव्र. इथला प्रत्येक पट्टा हा तसाच चर. एका पट्ट्याहून पुढच्यावर गेलं की पातळी ३१६ नॅनोमीटरनं बदलली. लाटेच्या लांबीच्या निम्मीच का, तर उजेड तेवढं अंतर जातोही आणि येतोही.

नुसत्या पट्ट्यांवरून टेकडी की खड्डा ते मात्र कळत नाही. भिंगाच्या कारखान्यात जुने कारागीर भिंगावर नमुन्याची काच ठेवायचे, बोटानं हलकेच दाबायचे आणि पट्टे कुठे पळतात ते बघायचे. आजचं यंत्र तेच बोट विजेनं चालवतं. संदर्भ काच लाटेच्या छोट्या हिश्शानं पुढे सरकवून चार-पाच फोटो घेतं आणि प्रत्येक ठिकाणचा उजेड कसा वाढला-घटला यावरून उंची काढतं. दोन पट्ट्यांच्या मधलंही वाचता येतं. माप नॅनोमीटरपर्यंत उतरतं ते यामुळे.

चर खोदायला जागाच उरत नाही तेव्हा

गोल भिंगाचं काम सोपं. यंत्रातून गोल लाट बाहेर येते, भिंगावर सगळीकडे काटकोनात पडते, तशीच परतते. पडद्यावर दोन-चार पट्टे, काम झालं.

आता त्याच गोल लाटेपुढे ॲस्फेरिक ठेवा. समजा, मधपासून कडेपर्यंत तो गोलापासून १०० मायक्रॉननं हटत गेला आहे. १०० मायक्रॉन म्हणजे ३१६ पट्टे. कॅमेऱ्यात आडवे हजार ठिपके असतील तर मधपासून कडेपर्यंत पाचशे. एका पट्ट्याच्या वाट्याला दीड ठिपकाच येतो, आणि कडेला उतार तीव्र असल्यानं तिथे तेवढाही नाही. पट्टा ओळखायला किमान दोन ठिपके लागतातच. डोंगराच्या कड्यावर समतल चर आखायला गेल्यासारखी गत होते, एका चराला चिकटून दुसरा.

नुसतं दिसलं नसतं तर परवडलं असतं. पण दोन मच्छरदाण्या एकावर एक पडल्या की नसलेली नक्षी दिसते, तसे इथे नसलेले रुंद पट्टे दिसतात. नवखा माणूस फसतो आणि भिंग पास करतो. त्यात भर म्हणजे तिरपा परतलेला उजेड गेला त्या वाटेनं येत नाही आणि यंत्राच्या आतल्या काचांचे दोषही मापात घुसतात.

कालबूत, वाकळ आणि सुई

चांभार बूट शिवताना लाकडी पायावर, कालबुतावर शिवतो. ॲस्फेरिकसाठी तसंच उजेडाचं कालबूत करतात. यंत्र आणि भिंग यांच्यामध्ये एक काच ठेवायची, जी गोल लाटेला वळवून नेमक्या त्या ॲस्फेरिकच्या आकाराची करेल. भिंग बरोबर असेल तर लाट त्यावर सगळीकडे काटकोनात पडते आणि पडदा जवळजवळ कोरा येतो. जे काही उरतं ती भिंगाची चूक. पूर्वी यासाठी खास भिंगांची जोडणी करत. आता बहुधा संगणकानं हिशोब केलेल्या अतिसूक्ष्म रेघा कोरलेली काच वापरतात. तिला संगणकीय होलोग्राम म्हणतात आणि ती कोरायचं तंत्र कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातलं आहे. मला यापेक्षा सुंदर मापाचं साधन माहीत नाही. हातात घेतली तर साधी काच, उन्हात तिरपी केली की मोरपिसासारखी.

अडचण कालबुताचीच: प्रत्येक पायाला वेगळं. भिंगाचं डिझाइन बदललं की नवा होलोग्राम, नवा खर्च, नवी वाट पाहणं.

म्हणून दुसरी रीत, वाकळीसारखी. भिंगाचा छोटा तुकडा मोजला तर त्यात पट्टे विरळच असतात. भिंग थोडं फिरवत, कलवत असे अनेक तुकडे मोजायचे आणि काठावर काठ ठेवून संगणकात शिवायचे. टाका वाकडा गेला तर शिवणीचीच चूक भिंगाची वाटते. आणि ज्यांना हे काहीच नको ते बारीक टोकाची सुई भिंगावरून ओढतात. आमच्याकडे बरीच कामं सुईवरच निघायची. पण सुई एका रेघेचं सांगते, अख्ख्या शेताचं नाही.

"पण मापच चुकीचं असलं तर?"

हा आक्षेप रास्त आहे. आडतीवरची पायली बुडाशी चेपलेली असेल तर तुम्ही कितीही काळजीनं, कितीही वेळा मोजा, प्रत्येक वेळी धान्य तेवढंच कमी भरणार. आणि गंमत म्हणजे सगळी मापं एकमेकांशी जुळणार.

हबल दुर्बिणीचं हेच झालं. २.४ मीटर व्यासाचा तिचा मुख्य आरसा ॲस्फेरिक आहे. तो तपासायला जे उजेडाचं कालबूत केलं होतं, त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसलं. अंतर ठरवणाऱ्या दांड्याच्या टोकाला टोपी होती आणि तिच्यावरच्या रंगाचा टवका उडाला होता. मोजणारा उजेड दांड्याच्या टोकाऐवजी टोपीच्या त्या उघड्या पडलेल्या जागेवरून परतला. मग कारागिरांनी आरसा त्या चुकीच्या कालबुताशी अगदी तंतोतंत जुळवला. काम अप्रतिम झालं, आकार चुकला. कडेला साधारण २.२ मायक्रॉन, केसाच्या तिसाव्या भागाएवढा. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेली आणि फोटो धूसर आले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन चूक भरून काढणारी उपकरणं बसवली, तेव्हा कुठे नजर साफ झाली.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. आरसा जमिनीवर असताना दुसऱ्या साधनांनीही तपासला होता आणि त्यांनी गडबड दाखवली होती. पण ती साधनं कमी अचूक, म्हणून त्यांचं ऐकलं नाही. कमी अचूक साधनही ढोबळ चूक बरोबर सांगतं, हे मापाच्या खोलीत काम करणाऱ्यानं भिंतीवर लिहून ठेवावं.

मग मापाचं माप कोण घेतं? फिटर लोकांची एक जुनी युक्ती आहे. खात्रीची सपाट प्लेट नसेल तर तीन प्लेटा घ्या आणि पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी निळा रंग लावून, तो कुठे लागतो ते बघत जुळवा. दोनच असतील तर एक फुगीर आणि एक खोलगट अशी जोडी जमून जाईल. तिन्ही एकमेकींशी जुळल्या तर तिन्ही सपाटच. सपाट संदर्भ काचा याच हिशोबानं तपासतात. दुसरी युक्ती म्हणजे भिंग जागच्या जागी फिरवायचं. जो दोष भिंगाबरोबर फिरला तो भिंगाचा, जो जागेवर राहिला तो यंत्राचा. पण हबलची चूक मधपासून कडेपर्यंत चहूबाजूंनी सारखी होती. अशी चूक फिरवून कळत नाही. कितीही फिरवा, तशीच दिसते. तिथे दुसऱ्याच रीतीनं घेतलेलं स्वतंत्र माप हवं.

"एवढं बारीक कशाला?"

सगळीकडे नकोच. चष्म्याच्या काचेला कुणी नॅनोमीटर विचारत नाही. पण चांगल्या प्रतिमेसाठी जुना ठोकताळा असा की परतलेली किंवा पार गेलेली लाट, लाटेच्या पाव लांबीहून जास्त बिघडू नये. आरशावरची चूक उजेड जाता-येता दोनदा भोगतो, म्हणून आरसा कडक मोजावा लागतो. काचेच्या भिंगातून उजेड पार जातो, तिथे पृष्ठभागावरच्या चुकीच्या साधारण निम्माच बिघाड लाटेत उतरतो. त्यामुळे भिंगवाल्याला आरसेवाल्यापेक्षा झोप बरी लागते.

विक्रेता "एवढी अचूकता" म्हणून आकडा सांगेल तेव्हा एक विचारा: सर्वांत उंच टेकडीपासून सर्वांत खोल खड्ड्यापर्यंतचं अंतर, की अख्ख्या पृष्ठभागाची वर्गमूळ काढलेली सरासरी? एक धुळीचा कण पहिला आकडा बिघडवतो, दुसऱ्याला फारसा धक्का लागत नाही. मी दोन्ही बघायचो आणि खरा भरवसा ठेवायचो रंगीत नकाशावर.

मे महिना आणि माझा अंगठा

आमच्याकडे मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो. मापाची खोली मात्र वीस अंशांवर, कारण जगभर मापं याच तापमानाला सांगतात. साधी ऑप्टिकल काच २५ मिलिमीटर जाडीला एका अंशानं सुमारे ०.१८ मायक्रॉन वाढते, म्हणजे अर्ध्या पट्ट्याहून जास्त. सगळी सारखी वाढली तर आकार फारसा बिघडत नाही. एक बाजू गरम आणि एक गार असली की बिघडतो.

एकदा घाईत मी पॉलिशिंगवरून आलेलं भिंग हातमोजा न घालता उचललं, पुसलं आणि लगेच मापाला लावलं. एका कडेला पट्टे वाकलेले दिसले, जवळपास पाव पट्ट्याचा उंचवटा. शेरा मारून भिंग परत पाठवलं. पॉलिशवाल्या काकांनी इमानदारीनं तो उंचवटा घासून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रभर खोलीत निवलेलं भिंग लावलं, तर त्याच कडेला खड्डा. उंचवटा माझ्या अंगठ्याच्या उबेचा होता. काका काही बोलले नाहीत, फक्त हातमोज्यांचं खोकं माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

औंढ्याचं यंत्र आणि मामीचं भिंग

लायगोत हेच तत्त्व उलट्या कामाला लावलं आहे. एकच लेसर दोन वाटांना फोडायचा, काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या नळ्यांमधून पाठवायचा, आरशांवरून परत आणून मिसळायचा. इथे आकार नाही, अंतर मोजतात. अवकाशातून गुरुत्वलहर, म्हणजे खुद्द अवकाशालाच ताणत-आवळत जाणारी लाट, आली तर नळ्यांची लांबी प्रोटॉनच्या जाडीहूनही शेकडो पटींनी कमी अशी बदलते. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा हे टिपलं. आपल्या प्रकल्पाच्या २,६०० कोटींच्या खर्चाला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

त्या आरशांचा व्यास ३४ सेंटिमीटर, वजन ४० किलो. ते गोलच आहेत, पण ज्या चेंडूचा काप आहेत त्याची त्रिज्या दोन किलोमीटरच्या आसपास. मधला खोलगटपणा सहा-सात मायक्रॉन, केसाच्या दहाव्या भागाएवढा. तो बरोबर आहे हे तपासलं जातं इंटरफेरोमीटरवरच. म्हणजे मोठ्या इंटरफेरोमीटरचे आरसे पास करतो तो टेबलावरचा छोटा इंटरफेरोमीटर.

आणि मामीचं भिंग? प्रत्येक नग असा मोजत बसले तर किमती कुठल्या कुठे जातील. मोबाईलची भिंगं साच्यातून निघतात, म्हणून कसून मोजतात तो साचा. डोळ्यातल्या भिंगाची परीक्षा बहुतकरून त्यातून पडणाऱ्या प्रतिमेवर होते, बारीक रेघा किती स्पष्ट उमटतात यावर. हे सांगितल्यावर मामाचं समाधान झालं नाही. "पट्टे दाखव," म्हणाला.

घरात इंटरफेरोमीटर नव्हता. भाचीच्या कंपासमध्ये शाळेच्या प्रयोगातल्या काचेच्या दोन पट्ट्या होत्या. धोतराच्या सोग्यानं पुसून एकावर एक ठेवल्या, ट्यूबलाइटखाली तिरप्या धरल्या. आधी काही दिसेना. मग दाबल्या, तसे हिरवे-गुलाबी वाकडेतिकडे पट्टे उमटले. मामानं वरून अंगठा टेकवला.

"हे तं पळायलंय रं," तो म्हणाला आणि मामीला हाक मारली.